बिनपंख्याचा उन्हाळा

चंद्रभान सुखदेवेबद्दल लिहायचं म्हणजे आधी माझ्याच थोबाडीत मारून घ्यावं लागतं. ते मी पुढे करीनच, सुटका नाही. आधी माणूस कसा होता ते सांगतो.

चंद्रभान कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचा. ज्यांच्या डोक्यावर जन्मभर स्लॅब आहे त्यांना हे काम ठाऊक नसेल. मे महिन्यात, पावसाच्या आधी, घराचं सगळं छप्पर उतरवायचं, फुटके कवेलू बाजूला काढायचे, माकडांनी सरकवलेले नीट ओळीत बसवायचे. नागपूरचं ऊन म्हणजे काय ते मी सांगायला नको. त्या उन्हात हा गडी डोक्याला ओला दुपट्टा बांधून सकाळी सातपासून वर. इतवारीतली अर्धी जुनी घरं त्याच्या पायाखालून गेलेली. कोणाचं घर कुठल्या कोपऱ्यात गळतं हे मालकापेक्षा त्याला जास्त ठाऊक. बोलणं मात्र कमी. मी दहा वाक्यं बोललो की तो एक बोलायचा, आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं निघायचं.

आम्ही शेजारी. छप्पन साली दीक्षा घेतली तीही शेजारी बसूनच. मी एका कापड गिरणीत टाइमकीपर होतो. वस्तीत चार अक्षरं धड लिहिणारा मी, त्यामुळे रेशन कार्डापासून पोरांच्या फीमाफीपर्यंत सगळे अर्ज माझ्या हातचे. लोक मला गोपाळराव म्हणत, आणि काही टारगट लोक अर्जराव म्हणत. मला त्याचाही गर्वच होता.

वस्तीत आमचं समाजमंदिर होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू. सहासष्ट साली बैठक बसली आणि ठरलं की आता पक्कं बांधायचं. विटांच्या भिंती आणि वर टिन. कवेलू म्हणजे जुनं गावकुसाबाहेरचं जिणं, ते डोक्यावर कशाला ठेवायचं, असं सगळ्यांचं मत. माझंही तेच. मी तर त्यावर अर्धा तास भाषण ठोकलं. चंद्रभान मागे बसला होता. तो एवढंच म्हणाला, "टिन लय तापते गा."

"तुह्या धंद्याच्या आड येते म्हणून बोलून राहिला का?" कोणीतरी टोमणा मारला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी समाजमंदिरावर चढून चंद्रभाननंच कवेलू उतरवले, मजुरी न घेता, आणि एकही फुटू दिला नाही.

टिन तापलं. कसं तापलं म्हणता? मार्चनंतर दुपारी आत पाय ठेववत नव्हता. मग आम्ही पंखे मागायला सुरुवात केली. पंखे मागणं सोपं असतं. देणाऱ्याचं नाव पात्यावर रंगवता येतं. कोणाच्या स्वर्गवासी वडिलांच्या नावाचा, कोणाच्या मंडळाच्या नावाचा, असे पाहता पाहता नऊ पंखे झाले. वरची तापलेली हवा ते इमानदारीनं खाली ढकलायचे. विजेचं बिल आलं की नाकापेक्षा मोती जड व्हायचा आणि आम्ही पुन्हा वर्गणीला निघायचो.

उपाय चंद्रभानकडे होता. टिनाखाली मजबूत लाकडी बल्ल्या टाकायच्या, टिनावर बुरडाकडचे बांबूचे तट्टे, तट्ट्यांवर कवेलू, आणि आढ्याखाली तापलेली हवा बाहेर जायला दोन झरोके. "मंग तीन पंखे पुरतीन," तो म्हणायचा. कवेलू इतवारीत पाडलेल्या घरांचे मिळत होते, मेहनत तो फुकट करणार होता. पैसा लागणार होता तो बल्ल्यांना आणि तट्ट्यांना. मी आणि तो मिळून भैय्याजींकडे गेलो. भांड्यांचे ठोक व्यापारी, त्यांच्या घरावर चंद्रभाननं वीस वर्षं कवेलू फेरलेले. भैय्याजींनी चहा पाजला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "चंद्रभान, बल्ली अन् तट्टा कोणाले दिसते? पंखा घेऊन जाय ना. पात्यावर आमच्या माताजीचं नाव टाक." दहावा पंखा आम्ही सायकलवर बांधून आणला.

आता सुभद्राचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडकतं. चंद्रभानची एकुलती लेक. रामटेककडे दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली, तेव्हा ही एका ट्रंकेसकट परत आली. मॅट्रिक झालेली होती. समाजमंदिरात एका संस्थेची बालवाडी सुरू झाली आणि तिथे तिला नेमलं. मानधन म्हणजे नावालाच, पण नवऱ्यानं टाकलेली सुभद्रा सहा महिन्यांत सगळ्या वस्तीची 'बाई' झाली. तिच्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा तिला "बाई, आमचं लेकरू जेवत नाही वं" असं सांगायला यायच्या. मान वर करून चालायला लागली पोर. आणि चंद्रभान? कामावरून येताना तो आधी नळावर हातपाय धुवायचा, केस नीट करायचा, मग समाजमंदिरावरून घरी जायचा. मी विचारलं, काहून रे, घरी पाणी नाही का? तर म्हणे, "लेकरं पाह्यतात ना. बाईचा बाप काळा-मळका दिसला तर बरं नाही." बायको वारल्यानंतर या माणसाच्या जिवाला विसावा म्हणून जे काही होतं, ते एवढंच.

एक्याऐंशीच्या जानेवारीमध्ये गिरणीतल्या एका ओळखीच्यानं मला एक छापील कागद आणून दिला. सरकारी योजना. सार्वजनिक सभागृहांत विजेची बचत होईल अशा सुधारणा करायच्या असतील तर अनुदान मिळेल. छप्पर, खिडक्या, दिवे, सगळं त्यात बसत होतं. अर्ज पुढच्या जानेवारीपर्यंत, सोबत मागच्या बारा महिन्यांची विजेची बिलं जोडायची. मी तो कागद चंद्रभानला वाचून दाखवला. त्यानं तो हातात घेतला, त्याला वाचता येत नव्हतं तरी उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "म्हणजे तट्ट्याले पैसे भेटतीन?"

"भेटतीन म्हणजे? भेटलेच समज," मी म्हणालो.

आता थोबाडीत मारून घेतो. आम्हा लोकांची उभी हयात सरकारी कागदावर कमी दाखवण्यात गेली. उत्पन्न कमी दाखवा, फी माफ. जमीन नाही लिहा, कार्ड मिळेल. ज्याचं कमी त्याला आधी, हा हिशोब माझ्या हाडात मुरलेला. बिलं मागतात म्हणजे आपली काटकसर पाहणार, असं मी धरून चाललो. कोणाला विचारलं नाही. अर्जरावानं कोणाला विचारायचं? मी बैठक बोलावली आणि सांगितलं की आजपासून समाजमंदिरातले पंखे बंद. बारा महिने बिल कमीत कमी आलं पाहिजे. साहेबाला दिसलं पाहिजे की हे लोक किती जपून वापरतात.

सगळ्यांनी माना हलवल्या. सुभद्रा तेवढी म्हणाली, "काका, एप्रिलमधी लेकरं कसे बसतीन?"

"एक उन्हाळा सोस बेटा. मग जन्मभर थंडावा आहे."

तिनं बापाकडे पाहिलं. चंद्रभाननं माझ्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "गोपाळराव लिहिणारा माणूस आहे. त्याले समजते." माझ्यावर एवढा विश्वास आजवर कोणी टाकला नाही, माझ्या बायकोनंही नाही.

तो उन्हाळा आम्ही बिनपंख्याचा काढला. सुभद्रा पोत्यांवर पाणी मारून ती दारा-खिडक्यांना टांगायची. बालवाडी सकाळी साडेसहाला भरवायची, तरी नऊ वाजता टिन कडकड वाजायला लागायचं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तीन लेकरांना ऊन लागलं. एकाला मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात दोन दिवस ठेवावं लागलं. वाचलं, पण वस्तीतल्या बायका सुभद्राशी आधीसारख्या बोलेनात. संस्थेच्या प्रेमलताबाई पाहणीला आल्या. बाई चांगल्या होत्या, त्यांना उगाच दोष देणार नाही. पाच मिनिटं आत उभ्या राहिल्या आणि पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या. पुढच्या उन्हाळ्याआधी छताचं काही झालं नाही तर बालवाडी दुसऱ्या वस्तीत हलवावी लागेल, असं त्यांनी लिहून दिलं. सुभद्रानं विचारलं, "अन् मी?" प्रेमलताबाई म्हणाल्या, बाई त्याच वस्तीतली घ्यायची असा संस्थेचा नियम आहे.

तरी आम्ही घाबरलो नाही. अर्ज होता ना. चंद्रभान पावसाळाभर पाडलेल्या घरांचे कवेलू ठेल्यावर आणून समाजमंदिरामागे रचत होता. जानेवारीत मी अर्ज लिहिला. असा अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. अकरा पानं. बारा बिलं जोडली, प्रत्येकावर किमान आकार तेवढा.

फेब्रुवारीत योजनेचे साहेब पाहणीला आले. तरुण होते, चष्मा लावलेले. त्यांनी छत पाहिलं, चंद्रभाननं हातवारे करून सांगितलेलं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे उत्तम आहे. यांना कोणी शिकवलं?" चंद्रभान लाजला. मग साहेबांनी बिलं चाळली. पुन्हा चाळली.

"तुमच्याकडे वीज जळतच नाही," ते म्हणाले. "मी बचत दाखवू कशातून?"

मी म्हणालो, साहेब, आम्ही मुद्दाम बंद ठेवलं. दहा पंखे आहेत, वर पाहा. बचत करूनच दाखवली आम्ही.

"पण बचत सुधारणेनंतर मोजायची असते. आधी किती जळत होती आणि नंतर किती जळेल, यातला फरक. तुमची आधीच शून्य आहे."

"त्याच्या आधीची बिलं आणतो साहेब. घरी आहेत."

"नियमात मागचे बारा महिने लिहिलंय. शिवाय तुम्हीच सिद्ध केलंत की पंख्यांशिवाय तुमचं चालतं." त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक वर्ष भरपूर वापरा आणि पुन्हा अर्ज करा."

एक वर्ष आमच्याकडे कुठे होतं? भरपूर जाळायला पैसा तरी कुठे होता? करायला गेलो गणपती आणि झालं माकड, म्हणतात ते असं. नंतर कळलं, पैसा एका चांगल्या कॉलनीच्या हॉलला मिळाला. त्यांच्याकडे रोषणाई होती, चार कूलर होते. त्यांचं बिल भरघोस होतं, म्हणून त्यांची बचतही भरघोस.

चंद्रभानला हे सगळं मी त्याच्या ओट्यावर बसून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा समजल्यावर त्यानं विचारलं, "म्हणजे पंखे लावले असते तर भेटले असते?"

मी हो म्हणालो.

"अन् लेकरंही आजारी नसते पडले."

मी मान खाली घातली. तो मला एक शब्द लावून बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. एकदा आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. उलट घरात जाऊन त्यानं माझ्यासाठी पाणी आणलं.

मार्चअखेर बालवाडी गेली. सतरंज्या, वजनकाटा, फळा, सगळं एका ठेल्यावर मावलं. सुभद्रानं हजेरीपुस्तकावर सही केली आणि समाजमंदिराला कुलूप लावून किल्ली मला आणून दिली. मला म्हणजे मलाच. मी ती घेतली, दुसरं काय करणार होतो.

मे आला. चंद्रभानच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम करणारा रामाजी कुहीला गावाकडे गेला तो आलाच नाही. इतवारीत एका घराचं काम अंगावर घेतलेलं होतं. चंद्रभान मजूर शोधत फिरत होता, तेव्हा सुभद्रा म्हणाली, "मजूर कायले पाह्यता बाबा? मी आहो ना." तो नको म्हणाला. तिनं विचारलं, मग घरात बसून खाऊ काय? दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्यासोबत कामावर निघाली. मला कोणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्रभान माझ्या ओट्यावर येऊन बसला. हातपाय धुतलेले नव्हते. अंगावर तशीच काजळी आणि कवेलूची लाल माती. मग सांगायला लागला. तो वर छपरावर होता. सुभद्रा रस्त्यावरच्या ठेल्यातून डोक्यावर कवेलूचं घमेलं घेऊन घराकडे येत होती. समोरून आमच्या वस्तीतली तुळसाबाई बाजार करायला आली, सोबत तिची दोन लेकरं, बालवाडीतलीच. लेकरांनी बाईला ओळखलं. दोघंही जागच्या जागी उभी राहिली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, जयभीम बाई.

"मंग?" मी विचारलं.

"तिनं मान फिरवली गा. जशी ओळखतच नाही. अन् लेकरं हात जोडून उभेच. तुळसाबाईनं ओढून नेलं तवा गेले."

मी काही बोलायचं म्हणून म्हणालो, डोक्यावर ओझं असेल, हात गुंतले असतील, जयभीम कसा करणार बिचारी.

चंद्रभान म्हणाला, "तोंड तर मोकळं होतं ना, गोपाळराव."