तीन की आठ

जगभरच्या नाण्या-नोटांची भावसूची दर वर्षी निघायची. तिचे आकडे गेली सव्वीस वर्षं एकच माणूस सांभाळत होता. कचेरीत सगळे त्यांना भावकाका म्हणत. कुठे राजा बदलला, कुठल्या सरकारने नोटेवरची तीन शून्यं उडवली, की काकांच्या टेबलावर नवं कार्ड तयार. लिलावांचे निकाल, विक्रेत्यांच्या याद्या चाळायच्या, सगळ्यात चढा आणि सगळ्यात पडका भाव बाजूला टाकायचा आणि उरलेल्यांतून आकडा ठरवायचा. त्यांनी लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

गेल्या सहा महिन्यांपासून मात्र भावांचे उभे रकाने मध्येच पोक आल्यासारखे वाकायला लागले होते. बघावं तिथे नेमका मधोमध धुरकट डाग. मान तिरकी करून कडेने पाहिलं की आकडा कसाबसा हाती लागे.

"मान अवघडलीय का हो?" बायकोने एकदा विचारलं.

"उशी बदल," ते म्हणाले. डॉक्टरांकडे जायचं ते टाळत राहिले. आकडे दिसेनात तर भावकाका उरले कशाला?

नवी आवृत्ती निघून महिना झाला आणि कचेरीच्या मालकीणबाईंनी त्यांच्यासमोर एक पत्र ठेवलं. एका निवृत्त परिचारिकेचं होतं. नवऱ्याच्या संग्रहातली एक जुनी नोट तिने सूचीत भाव बघून तीन हजारांना विकली होती. पुढच्याच आठवड्यात दुकानदाराने ती नऊ हजारांना लावली.

"वहिनींचंच काम असणार," मालकीणबाई म्हणाल्या. "मागेही त्यांनी दोन ओळी गाळल्या होत्या. या खेपेला मी काही ऐकून घेणार नाही."

वहिनी म्हणजे टंकलेखन करणाऱ्या बाई. पलीकडच्या खोलीत त्यांचं खटखट चालूच होतं, त्यांना कसलाच पत्ता नव्हता.

काकांनी कार्डांचा खण ओढला. कार्ड सापडलं. मान वळवली, पुन्हा वळवली. अक्षर त्यांचंच, आकडा तीन. सोबत टाचलेला लिलावाचा कागद भिंगाखाली धरला, तर तिथे आठ.

कार्ड फाडलं तर कुणाला कळणार होतं? खिशात घातलं तरी पुरे. त्यांनी ते खरंच खिशात घातलं. जेवणाच्या सुट्टीत वहिनींनी नेहमीसारखा डबा पुढे केला, "घ्या ना काका," म्हणाल्या, आणि काकांनी भूक नाही म्हणून तो मागे सरकवला.

संध्याकाळी ते मालकीणबाईंच्या दारात उभे राहिले. "चूक माझी आहे. वहिनींना काही बोलू नका. मला… मला तीन आणि आठ यांतला फरक दिसत नाही."

मालकीणबाईंनी परिचारिकेचं पत्र बाजूला ठेवलं. "कधीपासून?"

"सहा महिने."

"म्हणजे ही अख्खी आवृत्ती?"

काकांनी खिशातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

परिचारिकेकडे ते स्वतः गेले. जिने चढताना दोनदा थांबले. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा मात्र विचारला नाही.

"दुकानदार काही नोट परत देणार नाही," ती म्हणाली. "पैशांचं जाऊ दे. मी त्या पानावर बोट ठेवून दोनदा खात्री करून घेतली होती हो."

काकांनी हात जोडले.

डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा गेल्यात जमा, डावा सुया देऊन टिकवता येईल. डोळ्यात सुई म्हटल्यावर काका उठून दाराकडेच निघाले. बायको म्हणाली, "सव्वीस वर्षं जगाचे भाव सांगितलेत, आता डॉक्टरांचं ऐका."

मालकीणबाईंनी त्यांना काढलं नाही, पण आकडे लिहायचं काम मात्र काढून घेतलं. शुद्धिपत्र करायला चार महिने लागले आणि त्यात एकेचाळीस चुका निघाल्या. वहिनी मोठ्याने वाचत, काका डोळे मिटून ऐकत आणि एखादा भाव खटकला की हात वर करत.

"पुन्हा वाचा."

"आठ हजार, काका. आठच आहे."

"शप्पथ?"

"शप्पथ."

तरी ते तिसऱ्यांदा वाचायला लावतच. वहिनी कधी चिडल्या नाहीत.