देवराईतलं गाऱ्हाणं

खरं ते आधीच सांगून टाकते. मी माझ्या आजारी नवऱ्याला मारलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने ह्यांचा उजवा हात, पाय आणि वाचा गेली. एके दिवशी भरवलेली पेज ह्यांनी तिसऱ्यांदा थुंकली आणि माझा हात सटकन गालावर बसला. ते नुसते बघत राहिले. शी! माझीच मला किळस आली. कित्येक महिने धड झोप नव्हती, छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं, बीपीच्या गोळ्या वाढतच होत्या. देवावर तर मी केव्हाच फुली मारली होती.

तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना ह्यांच्यापाशी बसवलं आणि नारळ घेऊन एसटीने गावच्या देवराईत गेले. मागणं एकच, ह्यांना सोडव रे बाबा, आणि मलाही. पण आमच्याकडे मागणं गुरवाला सांगायचं असतं, मग तो देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. इतकी वर्षं रत्नागिरीत राहून मी हे विसरलेच होते! त्यात गुरवकाका शेतावर गेलेले. त्यांची बायको म्हणाली, "बस गो वायच, येतील."

बसले. भर दुपारी आत अंधारलेलं. इथली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, त्यामुळे पायाखाली पाचोळाच पाचोळा. ऐन, किंजळ, त्यांना लपेटलेल्या जाडजूड वेली. औषधाची वेळ नाही, कोणाची हाक नाही. किती वेळ गेला कोण जाणे, पण आपण पोटभर श्वास घेतोय हे ध्यानात आलं आणि मी हमसून हमसून रडले.

काका आले, हातपाय धुऊन त्यांनी नारळ घेतला. "काय सांगू म्हाराजाला?"

ह्यांचं मरण मोठ्याने कसं मागू? तोंडून निघालं, "माझा हात आवरायला सांगा."

काकांनी नारळ देवापुढे धरला. "बा म्हाराजा, ह्या लेकीचा हात आवर, हिचं घर सांभाळ." मागून त्यांची बायको म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

ह्यांची वाचा आली नाही, येणारही नाही म्हणतात. मी दर सोमवारी तासभर त्या झाडांत जाऊन बसते. ठरवून नेलेलं मागणं कोणी बदललं, ते मी शोधत नाही. आता मागणंही त्या म्हाराजावरच सोडलंय. कितीतरी दिवस माझा हात जवळ गेला की हे गच्च डोळे मिटून घ्यायचे. तो चेहरा बघणं हीच माझी शिक्षा होती. काल ह्यांची दाढी करायला बसले. गालाला हात लावला, आणि हे दचकले नाहीत. देवा, पुष्कळ दिलंस.