दोन थाऊ

स्टेट कॉलेज नावाच्या त्या अमेरिकन गावात माझं एकच दुखणं होतं: जगन्नाथ. मी युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवायचो, तो तिथल्याच वर्कशॉपमध्ये मशिनिस्ट. मिरजेचा, आयटीआय झालेला, बहिणीने बोलावून घेतलेला. इंग्रजी अडखळतच बोलायचा. तरी गावातले सगळे शिकारी त्याच्या तळघरात जमायचे.

गोळी झाडली की काडतुसाचं पितळी कवच फुगतं. ते पुन्हा भरून वापरायचं तर मापात दाबायला पोलादी साचा लागतो, त्याला डाय म्हणतात. जुन्या बंदुकांना दुकानातली डाय जमत नाही. जगन्नाथ ती घरच्या छोट्या लेथवर आतून घासून द्यायचा. स्वतः अंडंसुद्धा खात नसे!

माझा शेजारी वॉल्टर सहा वर्षं मला नुसतं ‘हाय’ करायचा. जगन्नाथला मात्र खांद्यावर हात टाकून ‘जॅग’! घरात नळ गळला तरी माझी बायको, उत्तरा, म्हणायची, “जगन्नाथभावजींना विचारा ना.” पीएच.डी. माझी आणि विचारायचं त्याला! मी जळायचो. चांगलाच जळायचो.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मीही लेथ घेतला, अगदी त्याच्यासारखा. नोव्हेंबरात वॉल्टरने वडिलांच्या रायफलची डाय माझ्या हातात ठेवली. “जॅगला दे. आतून दोन थाऊ वाढवायचीय. जपून, अशी दुसरी मिळायची नाही. सोमवारी हरणांचा सीझन सुरू होतोय.” थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी मान डोलावली आणि डाय थेट माझ्या तळघरात नेली. कळू दे एकदा सगळ्यांना.

लेथच्या डायलवर बघत घासायचा दगड दोन थाऊ पुढे सरकवला. भोक मापलं तर चार थाऊ वाढलेलं. पुन्हा मापलं. चारच.

शनिवारी सकाळी तोंड लपवत जगन्नाथकडे गेलो. त्याने डाय उजेडात धरली.

“डॉक्टर, दगड एकाच बाजूला टेकतो, पण डाय गोल फिरते ना? दोन्हीकडून खातो. डायलवर दोन म्हणजे भोकात चार. आयटीआयला पहिल्याच आठवड्यात कान पिळून शिकवतात.”

तो हसला असता तर बरं वाटलं असतं. हसला नाही. त्याने भोक आणखी मोठं केलं, त्यात पोलादाचा पातळ बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, दाबून बसवला आणि तो घासून बरोबर मापात आणला. मी दुपारभर स्टुलावर बसून त्याचे हात बघत होतो, आणि अजूनही जळत होतो.

“वॉल्टरला काय सांगायचं?” मी विचारलं.

“तुम्ही केलं म्हणून सांगा. माझ्याकडे काही आलंच नाही.”

मंगळवारी वॉल्टर अ‍ॅपल पाय घेऊन दारात. पहिल्यांदाच त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. “डॉक, जॅगपेक्षा भारी काम केलंस!” सहा वर्षं मला हेच ऐकायचं होतं. उत्तरा मागे उभी राहून कौतुकाने बघत होती. मी ‘थँक्स’ म्हणालो.

मग त्याने खिशातून आणखी तीन डाय काढल्या, भावाची आणि दोन मित्रांच्या.

तो गेल्यावर त्या घेऊन मी मागच्या दाराने जगन्नाथकडे निघालो.