टेबलाखालचा बर्फ

टेबलावर मांडलेल्या मेणबत्त्या अकरा वाजायच्या आत वाकू लागल्या. पाहुणे यायचे होते दुपारी. त्यांच्या आधीच मेणबत्त्यांनी नमस्काराची तयारी केली होती.

"बठ्ठ्या वाकी गयात, भाऊ," सिंधूअक्का म्हणाल्या. "आते पाव्हनासले काय दखाडशात?"

धरणगावच्या आमच्या केंद्रात सिंधूअक्का मुलींना शिकवत. मी मुंबईच्या एका सेवाभावी संस्थेच्या जळगाव ऑफिसात प्रोग्रॅम ऑफिसर होतो. म्हणजे मुंबईची कल्पना गावात न्यायची आणि गावाची अडचण चांगल्या भाषेत मुंबईला कळवायची. वाटेत दोन्हींचं जे व्हायचं ते होई.

गरिबी हटवण्यासाठी गरीब मुलींना मेणबत्त्या करायला शिकवावं, ही मुंबईची कल्पना. भांडवल कमी, साचे सोपे, फोटो चांगले येतात. मेमध्ये जळगाव जिल्ह्यात माणूससुद्धा सावली सोडून उभा राहत नाही, हे कागदावर कुठे बसत नव्हतं. मुलींच्या कामाचं प्रदर्शन मेमध्येच ठेवलं होतं, कारण आमच्या मुख्य विश्वस्त बाई वकील होत्या आणि त्यांच्या कोर्टाला सुट्टी तेव्हाच असे.

आदल्या आठवड्यात मी ट्रंक कॉल लावून संचालकांना सांगितलं होतं.

"साहेब, मेण इथे टिकत नाही."

"थंड जागी ठेवा."

"इथली थंड जागा म्हणजे महाबळेश्वर, साहेब."

"विनोद नकोत. प्रदर्शन फसलं तर केंद्र बंद होईल. विश्वस्तांनी स्पष्ट सांगितलंय."

केंद्र बंद झालं असतं तर माझी फार तर बदली झाली असती. केंद्रात शिकणारी रुबीना मात्र घरी बसली असती. तिचे वडील रशीदचाचा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरण्याचं त्यांचं दुकान होतं. गाद्यांच्या खोळी ते बाहेरून शिवून आणत, आणि नफा त्या शिलाईत जाई. पोरगी शिलाई शिकेल म्हणून त्यांनी तिला आमच्याकडे पाठवलं. ती मेण वितळवते आहे हे कळल्यावर ते केंद्रात आले.

"साहब, कापसाच्या दुकानात मेणबत्ती? आमच्याशी दुश्मनी हाय का?"

"पुढच्या वर्षी शिलाई येईल, चाचा."

"मेपर्यंत शिलाई पक्की झाली तर ठीक. नाय तर पोरगी घरी. निकाहचं बघू."

मी ही अडचण मुंबईला चांगल्या भाषेत कळवली. उत्तरादाखल मेणाची आणखी दोन पोती आली.

तर मेणबत्त्या वाकल्या. अक्कांनी क्षणभर विचार केला आणि बर्फाच्या कारखान्यातून हातगाडीवर लाद्या मागवल्या. भुशात गुंडाळलेल्या लाद्या टेबलांखाली सरकवल्या. वरून चादरी थेट जमिनीपर्यंत सोडल्या. मुलींनी नव्याने साचे भरले, मेणबत्त्या बर्फावर गार केल्या आणि वर मांडल्या. त्या उभ्या राहिल्या.

विश्वस्त बाई संचालकांसोबत आल्या. घामाने निथळत खोलीत शिरल्या आणि थबकल्या.

"अय्या, किती गार आहे इथे!"

"जुनं बांधकाम, मॅडम," संचालक म्हणाले. खोली पत्र्याची होती.

बाई टेबलाजवळच्या खुर्चीत बसल्या, त्या उठेचनात. कुठल्याही प्रदर्शनाला इतका वेळ देताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. गारव्याने त्यांचं मन भरून आलं. हा प्रकल्प इतका यशस्वी झाला आहे, की पुढचं वर्षही आपण मेणबत्त्याच ठेवू, असं त्यांनी जाहीर केलं. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. आमच्या चातुर्यानेच शिलाई गेली होती.

रुबीना टाळ्या वाजवत नव्हती. तिने खाली वाकून चादर वर केली.

"मॅडम, हा बर्फ आहे," ती म्हणाली. "तो काढला तर शिलाई मिळेल का?"

संचालक खोकले. अक्का छताकडे बघत राहिल्या. भुशातून निघालेलं पाणी बाईंच्या चपलेपर्यंत आलं होतं. बाईंनी पाणी पाहिलं, मग मेणबत्त्या, मग संचालक.

"काढा," त्या म्हणाल्या.

लाद्या बाहेर नेल्या. बाई तिथेच बसून राहिल्या. वकील बाई, पुरावा स्वतः पाहणाऱ्या. चहा संपेपर्यंत मेणबत्त्यांची पहिली रांग मान टाकून पडली.

पावसाळ्यात शिलाई मशिनं आली. अहवालात संचालकांनी लिहिलं, की मेणबत्ती प्रकल्पाच्या भरघोस यशानंतर पुढचा टप्पा म्हणून शिलाई सुरू करण्यात येत आहे. उरलेलं मेण रशीदचाचांनी नेलं. गादीचा जाड दोरा मेणावरून ओढला की कापडातून सरसर जातो. आमच्या मेणाचा तेवढाच उपयोग झाला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं लोटली. गेल्या महिन्यात सिंधूअक्का वारल्या. घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा रुबीना आधीच आलेली होती. बसायला घातलेल्या गाद्या तिच्या दुकानाच्या होत्या. अक्कांनंतर त्या बर्फाची आठवण काढायला आता आम्हीच दोघं एकमेकांना उरलो.

संस्थेत काम करणाऱ्यांना एवढंच सांगेन. टेबलाखालचा बर्फ पाहुणे बसलेले असतानाच दाखवावा. ते गेल्यावर त्याचं नुसतं पाणी होतं, आणि ते आपल्यालाच पुसावं लागतं.