बत्तीस आऱ्यांचं अशोकचक्र

काल प्रजासत्ताक दिनी सकाळी साडेसातला, आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत, मी बत्तीस आऱ्यांचं अशोकचक्र काढून बसले होते... आणि झेंडावंदन होतं आठला.

आधी माझ्याबद्दल सांगते. राजमुद्रा, तिरंगा, राज्याचं फूल, राज्याचं पाखरू असल्या गोष्टींचं मला वेड आहे. मी ताम्हणाच्या फुलावर बोलायला लागले की माझा नवरा बाल्कनीत निघून जातो. सारनाथच्या स्तंभावर सिंह चार आहेत, आपल्याला दिसतात तीन, हे सोसायटीच्या ग्रुपवर मी दरवर्षी न चुकता टाकते. आणि चक्रात आरे चोवीसच हवेत, नीट मोजून बघत जा, असा लांबलचक मेसेज गेल्याच आठवड्यात मी टाकला होता.

म्हणूनच यंदा आमच्या रांगोळी टीमने चक्र माझ्याकडे दिलं. टीम म्हणजे आम्ही चौघी... गेली अकरा वर्षं त्याच. ध्वजस्तंभाच्या बाजूला जागा धुऊन घेतली, कोणाचा पाय पडू नये म्हणून भोवती कुंड्या लावल्या, आणि मी जाम खुशीत कामाला लागले.

हात सवयीने चालला. एक उभी रेघ, एक आडवी, मग प्रत्येक दोन रेघांच्या मधोमध एक, पुन्हा मधोमध एक... दिवाळीत दारात काढते तसंच. चक्र असं काही झकास दिसत होतं की मी फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर पाठवूनही टाकला.

तेवढ्यात सी विंगच्या खरात काकू दुधाच्या पिशव्या घेऊन येताना दिसल्या. कुंड्यांपाशी थांबल्या, ओठातल्या ओठात काहीतरी मोजलं, आणि मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "बत्तीस भरतात गं. मोज बरं एकदा."

मोजले. बत्तीस! चार, आठ, सोळा, बत्तीस... मधोमध करत गेलं तर चोवीस वाटेत लागतच नाही. आयुष्यभर रांगोळी काढलेली बाईच ही चूक करू शकते.

माझी पार वाट लागली. पुसून पुन्हा काढायचं तर निळा रंग संपलेला. आमच्यातली एक म्हणाली, राहू दे, कोण मोजत बसतंय... पण सगळ्यांना मोजायला तर मीच सांगितलं होतं ना!

काकूंनी पिशव्या वॉचमनच्या टेबलावर ठेवल्या आणि वर गेल्या. पाच मिनिटांत खाली आल्या तेव्हा हातात दोऱ्याचं रीळ, खडू आणि निळ्या रंगाचं भरलेलं पाकीट होतं. मी पाकिटाकडे बघतच राहिले, तर हसून म्हणाल्या, "निळा आमच्या घरात कधी संपत नाही."

माझं बत्तीसचं चक्र आम्ही पुसून टाकलं आणि पुढचं मी श्वास रोखून बघितलं. दोऱ्याचं एक टोक मध्यावर मला धरायला लावलं, दुसऱ्या टोकाला खडू बांधून गोल फिरवला. मग तेवढाच दोरा न बदलता गोलावर टप्प्याटप्प्याने ठेवत गेल्या... बरोबर सहा टप्पे! सहाचे बारा, बाराचे चोवीस. हे शाळेत कंपास घेऊन मीही केलं असणार, पण पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ते मला कळलं ते काल, जमिनीवर गुडघे टेकून. मला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या.

रंग भरता भरता काकूंनी सांगितलं. जालन्याकडच्या त्यांच्या गावात चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला निळा झेंडा निघायचा, त्यावरचं पांढरं चक्र त्यांचे वडील रंगवायचे. दोरा धरायला ही मुलगी. वडील गेल्यावर खडू हिच्या हातात आला, आणि इथे बोरिवलीतही विहारातल्या झेंड्यांवरची चक्रं दरवर्षी त्याच काढतात.

अकरा वर्षं एका कंपाउंडमध्ये राहतोय आम्ही. मी अशोकचक्रावर ग्रुपवर लेक्चर झोडत होते आणि ते डोळे मिटून काढू शकणारी बाई गुपचूप ते वाचत होती. त्यांच्या घरी मी आजवर एकदाच गेलेय, तेही आमच्या विंगला पाणी नव्हतं म्हणून. आम्ही कोणी त्यांना कधी रांगोळीला बोलावलंच नाही, याची मला मनापासून लाज वाटली.

आठला पाच कमी असताना चक्र पूर्ण झालं. झेंडावंदन झालं, पाहुण्यांनी रांगोळीचं कौतुक केलं, आणि सेक्रेटरींनी माईकवर आभार मानले... आम्हा चौघींची नावं घेऊन. गेल्या वर्षीचाच कागद असावा. काकू शेवटच्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

मी सरळ जाऊन माईक घेतला. एरवी थांबत नाही, काल दोनच वाक्यं सुचली. "चक्र खरात काकूंनी काढलंय. मी काढलेल्यात आठ आरे जास्त होते." सगळे हसले, मग टाळ्या वाजल्या, आणि काकू उगाच चष्मा पुसायला लागल्या.

नंतर चहाच्या वेळी मी त्यांना म्हटलं, आता तुम्ही आमच्या टीममध्ये यायचंच, पंधरा ऑगस्टचं चक्र तुमचं. त्यांनी शांतपणे बिस्कीट चहात बुडवलं.

"ऑगस्टचं ऑगस्टला बघू. एप्रिलमध्ये तू ये आमच्याकडे. झेंडे पुष्कळ असतात, दोरा धरायला माणूस कमी पडतं."

चौदा एप्रिल म्हणजे माझ्यासाठी आजवर एवढाच प्रश्न असायचा, की जोडून वीकेंड येतो का. यंदा मात्र मी विहारात दोऱ्याचं टोक धरून बसणार आहे... आणि आरे काकू मोजतील.