पाच इंच खोल

उशिरा येणाऱ्या माणसाचा मला लहानपणापासून राग. नगरच्या आमच्या घरात सगळे एकतर मास्तर नाहीतर कारकून. कुणाला पाच मिनिटं उशीर झाला तरी आजोबा दिवसभर तोंड फुगवून बसायचे. पुढे मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले आणि हा राग हजेरीपटाबरोबर वर्गात घेऊन गेले. आठ वाजले की दार बंद.

अकरावीतली एक मुलगी रोज साडेनऊला उगवायची. धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या वस्तीवरची. "बाई, बोट..." एवढं म्हणायची, की मी तिला तोडायचे. "सबबी नकोत. बाहेर उभी राहा." दोन महिन्यांत तिची हजेरी इतकी घसरली, की नियमाप्रमाणे वडिलांना पत्र गेलं. वर्गशिक्षिका मीच, म्हणून खाली सही माझी. आठवड्याभरात मुलगी यायचीच बंद झाली. मैत्रिणी म्हणाल्या, वडिलांनी कॉलेज सोडवलं, आता स्थळं बघतायत.

मी भडकले. अर्थातच वडिलांवर. पोरगी गणितात तल्लख होती. असल्या बापाला चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून रविवारी बोटीत जाऊन बसले.

पलीकडचा काठ सात किलोमीटर. बोट फायबरची, ग्रामपंचायतीनं घेतलेली. मागे लावलेली मोटर कुणा देणगीदारानं दिलेली. मोटर जिवाच्या आकांतानं ओरडत होती आणि बोट डुंबणाऱ्या म्हशीसारखी चालली होती. दोन्ही बाजूंनी पाणी उडून माझा पदर भिजला. मोबाईलवर वेग पाहिला. ताशी पंधरा. म्हणजे अठ्ठावीस मिनिटं.

"रोज असंच?" मी नावाड्याला विचारलं.

"रोजच, बाई. पान्यात बाभळीचे खुंट हायती, उजाडल्याबिगर सोडता येत न्हाई. साताला सोडतो. सात पंचवीसला यष्टी. आमी काठाला लागतो तवा तिचं ढुंगान दिसतं. मंग पोरी दीड तास बसत्यात फाट्यावर."

तीन मिनिटं. पोरगी तीन मिनिटांनी बस चुकवत होती आणि मी तिला दोन महिने खोटारडी ठरवत होते. त्या दिवशी वडिलांसमोर उभं राहायचं माझं धैर्य झालं नाही. राग मात्र तसाच उकळत होता, आणि तो कुणावर तरी काढायचा होता.

काठाला लागल्यावर मी नावाड्याला मोटर तिरपी करून वर उचलायला लावली. पंख्याच्या जरा वर एक आडवी पत्री असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेत हवी, एवढं मला तर्कानं कळत होतं. ती चांगली पाच इंच खाली होती. मोटर उंच बोटीसाठीची, लांब पायाची, आणि आमची बोट बुटकी. तो सगळा जास्तीचा पाय पाण्यात नांगरासारखा ओढला जात होता. मी तशीच सरपंचांच्या दारात गेले.

"सरपंच, मोटर कुणी बसवली?"

"म्या सोता उभं ऱ्हाऊन. का हो?"

"पाच इंच खोल गेलीय."

"खोलच पायजे, बाई! हिरीवरच्या मोटरीचा पाइपाच्या बुडाचा फुटव्हॉल वर ऱ्हायला तर हवा धरतो. जितकं खोल तितकं पानी जोरात."

ह्यात अर्धं खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. पंखा फार वर गेला तर तोही हवा धरतो. पण विहिरीवरची मोटर जागची हलत नाही, हिला स्वतःला पाण्यातून ओढत न्यायचं असतं, हे ह्या माणसाच्या डोक्यात शिरेना. वर कहर म्हणजे मोटर आवळायच्या दोन्ही हँडलांवर त्यांनी लोखंडी पट्टी वेल्ड करून टाकली होती.

"गावातल्या तीन पान्याच्या मोटरी चोरीला गेल्या. ही नेऊन दाखवा म्हनावं!"

मोटरीबरोबर आलेलं पुस्तक कुठाय विचारलं, तर ते देवघरातून आलं. प्लॅस्टिकसुद्धा न फाडता वर हळदकुंकू. दसऱ्याला पूजा केली म्हणे. मी त्यांच्यासमोर प्लॅस्टिक टराटरा फाडलं. तिसऱ्याच पानावर चित्र होतं, पत्री बोटीच्या तळाला सरळ.

"पट्टी कापली अन मोटर गेली, तर गाव मला इचारील," सरपंच म्हणाले.

"मोटर राहिली आणि पोरी गेल्या, ते कुणाला विचारायचं?" मी एवढ्या जोरात ओरडले, की आतून त्यांची बायको धावत आली. ती माझ्याकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "कापा की मंग!"

पुढच्या रविवारी ग्राइंडरनं पट्टी कापली. बोटीच्या मागच्या फळीवर बाभळीचा ठोकळा ठेवून मोटर वर घेतली, आणि चोराच्या भीतीनं सरपंचांनी तिला साखळी-कुलूप घातलं. मी वहीत अंदाज मांडला होता, ताशी बावीस. आधी सहा इंच उचलून पाहिली, तर वळणावर पंख्यानं हवा धरली आणि मोटर किंचाळली. पाच इंचांवर आणली. एकवीस भरले. वीस मिनिटांत पलीकडे. आता बस गाठून वर पाच मिनिटं उरणार होती. सरपंच माझ्याकडे न बघता म्हणाले, "लई हलकी चालली." मी मोठी लढाई जिंकल्याच्या तोऱ्यात वस्तीवर चढले.

मुलगी कांद्यात खुरपत होती. वडील बांधावर उभे. मी मोटरीचं, मिनिटांचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, घरात जाऊन कॉलेजचं पत्र आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"मला वाचता येत न्हाई. पोरीनंच वाचून दावलं. लई रडली. हितं सही तुमचीच हाय न्हवं?"

"माझीच," मी म्हणाले. "उद्यापासून पाठवा. ती रोज हजर होती हे मी प्राचार्यांना लिहून देते. हजेरी मी लावून घेते."

मुलगी खुरपं टाकून उठली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी तिला पूर्ण बोलू दिलं.

"मी रोज येतच हुते, बाई. मंग तवाच का न्हाई लावली?"

मी हातातल्या पत्राची घडी घातली आणि बांधावरून खाली उतरले. सोमवारी ती बोटीत होती. आठच्या आत वर्गात आली, शेवटच्या बाकावर बसली, आणि मी तिचं नाव पुकारलं तेव्हा खाली बघत, मला जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात "हजर" म्हणाली.