पट्टा कोणत्या पुलीवर?

लेथखाली चुरा साठतो तसे किस्से साठतात बघा. चुरा निदान भंगारवाला उचलून नेतो. किश्शांना मात्र ऐकणारा लागतो, अन् आमच्या वर्कशॉपात सध्या मी एकटाच हाय. म्हणून बसा जरा, चहा सांगतो.

नेकनूरच्या स्टँडमागं आमचं वर्कशॉप. आमचं म्हणजे माझं अन् सत्तारभाईचं, भागीत. लेथ जुनी. स्पीड बदलायचा तर पट्टा एका पुलीवरून काढून दुसऱ्या पुलीवर चढवायचा. कोणत्या पुलीवर, यावरून आमची रोज जुंपायची. मी मशीनवरचा तक्ता वाचायचो, सत्तारभाई कान लावायचा.

"लोखंड सोताच बोलायलंय बे दत्ता, तू तक्ता काय वाचायला!"

*

एकदा एक रसवंतीवाला उसाच्या चरकाचा रोलर घेऊन आला. रोलर चांगलाच जाड. जाड जॉब हळूच फिरवावा लागतो, न्हाईतर कापायचं टूल जळतं. गिऱ्हाईक बसून बसून वैतागलं.

"ओ भाई, जरा जोरात फिरवा की!"

त्याचंबी पोट सुटलेलं. सत्तारभाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शेठ, तुमी आधी स्टँडपर्यंत पळून दाखवा. मंग ह्याला पळवतो!"

गिऱ्हाईक गुमान बाकड्यावर जाऊन टेकलं.

*

एका दिवशी आमची कशावरून तरी बोलाचाल बंद. बहुतेक डब्यातल्या ठेच्यावरून. सकाळी पितळेचे बुश केले होते, म्हणून पट्टा जोरातल्या पुलीवर. दुपारी बिडाचा, म्हंजी ओतीव लोखंडाचा, जॉब चढवला. बिडाला तो स्पीड म्हणजे वाटोळंच! हे मला दिसत होतं, त्यालाबी दिसत होतं. पण आधी बोलायचं कुणी? मी म्हटलं, तो सांगंल. त्यानं म्हटलं, दत्ता सांगंल. त्यानं खुन्नशीत बटन दाबलं.

टूलनं अशी किंकाळी फोडली, की शेजारचा पंक्चरवाला पळत आला! टोक पार निळं पडलेलं.

सत्तारभाई खदाखदा हसायला लागला. "आपल्या दोघांच्या तोंडाला कुलूप, अन् बोंबललं बिचारं टूल!"

त्या दिवशी ठेचा आमी एकाच डब्यात खाल्ला.

*

मंग त्याचा गुडघा गेला. पोरगं पुण्याहून आलं अन् घेऊन गेलं. जाताना म्हणला, "ऑपरेशन झालं की आलोच."

गिऱ्हाईकं विचारतात, "भाई कवा येणार?" मी म्हणतो, येतोय, निघालाच हाय. खरं सांगू का? तो परत येतो का न्हाई, एवढी एकच काळजी हाय मला. दुसरं कशाचंच काही वाटत न्हाई.

*

मधी त्याच्या सुनेचा फोन आला.

"दत्ताकाका, तुमीच समजवा अब्बांना! मिक्सर लावला की काठी टेकत किचनमध्ये येतात. म्हणतात, खोबऱ्याला एवढा स्पीड लागतच न्हाई!"

मी हसून बेजार. "मंग पोरी, चटणी कशी होते?"

"चटणी... लई भारी होते हो आता."

फोन ठेवला अन् वर्कशॉपात सगळं एकदम सामसूम. लई एकटं वाटलं. हसायचं तर हसायचं कुणासंगं?

*

परवा तर एकबी जॉब नव्हता. सामसूम खायला उठली, म्हणून लेथ चालू केली. तशीच, जॉब पकडायचा चक रिकामा ठेवून. अन् तेवढ्यात सत्तारभाईचा फोन.

"दत्ता, चक रिकामा फिरायलाय का?"

"हां."

"जॉब कुठाय?"

"न्हाई जॉब."

"मंग लेथ कावून चालू हाय बे?"

"ते ऱ्हाऊ दे. तू कवा येतो ते सांग."

तो म्हणला, "डॉक्टर न्हाई म्हणतोय. मशीनपुढं उभं राहणं आता संपलं म्हणे."

नीट ऐकू यावं म्हणून मी लेथचं बटन बंद करायला हात पुढं केला.

"बंद नको करू बे," तो म्हणला. "फोन जरा चकाजवळ धर."